ब्रेकचं पेडल खोल जातंय? मास्टर सिलिंडर बदलण्याआधी मागचे ड्रम उघडा

ब्रेक लागतो, गाडी थांबते, पण पेडल पूर्वीपेक्षा दोन बोटं खाली जाऊन थांबतं. ही तक्रार घेऊन गेलात की पुष्कळदा पहिलं नाव मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडलचा दाब ब्रेक ऑइलमधून चाकांपर्यंत पाठवणाऱ्या पार्टचं, निघतं. पार्ट महाग, तालुक्याच्या दुकानात असेलच असं नाही, मग तो कोल्हापूरहून मागवायचा आणि तोवर गाडी उभी. नवा सिलिंडर बसवल्यावर पेडल थोडं वर येतंही, कारण त्या निमित्ताने ब्रेक ऑइलच्या लाइनमधली हवा निघालेली असते. मूळ दोष मात्र जागच्या जागी राहतो.

मास्टर सिलिंडर जात नाही असं नाही. पण कोकणपट्टीतल्या गाडीवर पहिला संशय घ्यायचा तो मागच्या ड्रमवर, असं माझं मत आहे. खारा वारा, चार महिने अंगावर येणारा पाऊस, तांबड्या मातीचा चिखल आणि त्यात चाकरमान्यांच्या घरच्या गाड्या गणपती ते शिमगा एका जागी उभ्या. ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे लायनर झिजतील तसे त्यांना ड्रमजवळ सरकवणारा अॅडजस्टर गंजून अडकायला एवढं पुरतं.

पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या नेहमीच्या छोट्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. पेडल थेट तळाला टेकत असेल, ब्रेक ऑइल उघड गळत असेल किंवा डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा पेटलेला असेल, तर गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा, नाहीतर टो करून न्या.

पेडल नेमकं कसं वागतं ते आधी बघा

पाना हातात घेण्याआधीची ही दहा मिनिटं सगळ्यात मोलाची. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद. पेडल पाच-सहा वेळा दाबून पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपवा. पेडल कडक झालं की पाय काढा आणि पंधराएक सेकंद थांबा. मग एकदाच, नेहमीच्या जोराने दाबा आणि ते कुठे थांबतं ते लक्षात ठेवा. पाय सोडून लगेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाबा.

पहिल्या दाबाला पेडल खोल जातं पण तिथे टणक लागतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर येतं: लायनर आणि ड्रम यांच्यात अंतर जास्त आहे. पहिला दाब ते अंतर भरण्यातच खर्च होतो.

पेडल स्पंजासारखं मऊ लागतं, पंप मारल्यावर थोडं सुधारतं पण टणकपणा येत नाही: लाइनमध्ये हवा आहे, किंवा एखादा जुना रबरी होज दाबाखाली फुगतोय.

पेडल आधी योग्य उंचीवर थांबतं, पण पाय तसाच ठेवला की हळूहळू खाली सरकत जातं: दाब कुठून तरी निसटतोय. बाहेर गळत असेल, नाहीतर मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरांवरून ऑइल मागे जात असेल. ही चाचणी दोनदा करा, एकदा जोरात आणि एकदा अगदी हलक्या पायाने अर्धा मिनिट. झिजलेलं रबर जोराच्या दाबाखाली सिलिंडरच्या भिंतीला चिकटून दाब धरतं आणि हलक्या दाबाला सोडून देतं. म्हणून गॅरेजात कोणी जीव खाऊन पेडल दाबून ‘ठीक आहे’ म्हणाला तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. सिग्नलला हलका पाय ठेवून उभं असताना पेडल सरकतं ही तक्रार खरी असू शकते.

खड्ड्यांच्या रस्त्यानंतर किंवा जोराच्या वळणानंतरच पहिला ब्रेक खोल जातो आणि दुसरा ठीक लागतो: व्हील बेअरिंगची ढिलाई किंवा वाकडी डिस्क तिला दोन्हीकडून चिमटणाऱ्या पॅडना मागे ढकलत असेल. आणि सकाळी सगळं उत्तम, पण आंबा किंवा आंबोली घाट भरल्या गाडीने उतरताना अर्ध्यात पेडल मऊ पडतं, गाडी थंड झाली की पुन्हा पहिल्यासारखं: ब्रेक ऑइलमध्ये पाणी शिरलंय आणि ते उकळतंय. हा दोष गॅरेजात सापडत नाही, कारण तिथे पोहोचेपर्यंत ऑइल थंड झालेलं असतं.

एक गैरसमजही इथेच काढून टाकू. पेडल दाबून धरून इंजिन चालू केलं की ते थोडं खाली जातं. बूस्टर चालू असल्याची ती खूण आहे. काहीच हललं नाही तर उलट बूस्टर किंवा त्याचा पाइप तपासायला हवा. पण तेव्हा पेडल कडक लागतं, खोल जात नाही. तसंच इंजिन चालू असताना उभ्या गाडीत सगळी ताकद लावून दाबलं तर चांगल्या गाडीचं पेडलही बरंच खाली जातं. शेजाऱ्याच्या तशाच गाडीत बसून एकदा दाबून बघा, मग ठरवा.

हँडब्रेकची युक्ती

संशय ड्रमवर असेल तर चाक न काढता खात्री करता येते. हँडब्रेक सोडून पेडल एकदा दाबा, खोली लक्षात घ्या. आता हँडब्रेक दोन-तीन टिकटिक ओढा आणि पुन्हा दाबा. पेडल ठळकपणे वर आलं, तर दोष मागच्या लायनरच्या अंतराचाच. हँडब्रेकने लायनर आधीच ड्रमजवळ नेले, म्हणून पायाला ती वाट चालावी लागली नाही.

एवढ्याशा अंतराने पेडल इतकं खाली कसं जातं, असा प्रश्न पडतो. मागच्या दोन चाकांत मिळून चार छोटे पिस्टन असतात. प्रत्येकाला अर्धा मिलिमीटर जास्त सरकावं लागलं, तर तेवढं सगळं ऑइल मास्टर सिलिंडरला पुरवावं लागतं आणि तिथला दांडा दीड-दोन मिलिमीटर जास्त आत जातो. पेडलच्या तरफेमुळे पायाशी हे अंतर साधारण चौपट होतं. म्हणजे सहा ते आठ मिलिमीटर नुसते अर्ध्या मिलिमीटरमुळे गेले. दीड मिलिमीटरचं काय होईल याचा हिशोब तुम्हीच करा.

गळती शोधताना पाऊस घात करतो

ड्रम उघडण्याआधी बोनेट उघडून ऑइलची पातळी बघा. पॅड झिजतात तशी पातळी महिन्यांच्या हिशोबाने थोडी उतरते, त्यात चिंतेचं काही नाही. पण आठवड्या-पंधरवड्यात फरक दिसला तर गळती आहेच. नुसती टॉप-अप करून पुढे जाऊ नका.

ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं. इंजिन ऑइलसारखा त्याचा तवंग राहत नाही, पावसात ते धुऊन जातं. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या अंगणात खाली बघून ‘कुठे काही गळत नाही’ म्हणण्याला अर्थ नाही. गाडी छपराखाली घ्या, चाकांची आतली बाजू फडक्याने कोरडी करा, चारही चाकांखाली आणि इंजिनाखाली कोरडा पुठ्ठा टाका आणि कोणाला तरी पेडल मिनिटभर दाबून धरायला सांगा. मग टायरच्या आतल्या भिंती, होजची टोकं, पुढचे पॅड दाबणारे कॅलिपर आणि ड्रममागच्या पत्र्याची, म्हणजे बॅकप्लेटची, खालची कड हाताने चाचपा. मास्टर सिलिंडर बूस्टरला जिथे टेकतो ती जागा विसरली जाते. तिथला रंग फुगलेला किंवा सोललेला असेल, तर मागचं सील गळतंय आणि ऑइल बूस्टरच्या पोटात जातंय. खाली थेंबही दिसत नाही आणि पातळी उतरत राहते, ती याच कारणाने.

बुडाखालच्या लोखंडी ब्रेक पाइपांकडे कोकणात जास्त लक्ष द्यावं लागतं. उघड्या भागापेक्षा पाइप क्लिपांच्या खाली आधी सडतो, कारण तिथे माती अडकून ओल धरते. क्लिप उचकटून बघा. पापुद्रे सुटत असतील तर पाइप बदला. रंग मारून किंवा मधला तुकडा कापून तात्पुरता जोड देऊन भागवू नका.

ड्रम उघडणं

गाडी सपाट, घट्ट जमिनीवर घ्या. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये. हँडब्रेक मोकळा सोडा, नाहीतर ड्रम निघणार नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अटकाव लावा. त्यासाठी जांभ्याचा चिरा चालेल, पण गाडी उचलल्यावर तिच्याखाली चिरा आधाराला लावू नका. जांभा दिसतो दणकट, एका बिंदूवर भार आला की फुटतो, आणि फुटताना सांगत नाही. नुसत्या जॅकवरही काम करू नका. आधाराला लोखंडी घोडी विकत किंवा गॅरेजातून मागून आणा. चाकाचे नट गाडी उचलण्याआधीच थोडे सैल करा.

काही गाड्यांत ड्रम दोन छोट्या स्क्रूंनी धरलेला असतो, काहींत मधला मोठा हब नट काढावा लागतो. हब नटवाली गाडी असेल आणि टॉर्क पाना नसेल, तर हे काम मेकॅनिककडून करून घ्या. स्क्रूवाला ड्रम गंजून चिकटलेला असतोच. त्याच्या तोंडावर बहुधा आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत मापाचे बोल्ट घालून आलटून पालटून थोडे थोडे आवळा, ड्रम सुटून येतो. तरीही अडला तर आतल्या कडेला गंजाची किनार चढून लायनर अडकलेत. बॅकप्लेटच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून अॅडजस्टर मागे फिरवा. त्या भोकाचं रबरी बूच जागेवर आहे का बघा. नसेल तर चिखल आत कुठून आला ते कळलं. बूच नवीन घ्या.

आतली धूळ फुंकरीने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. साबणाचं पाणी फवारून ओल्या फडक्याने पुसा. मोबाइलवर फोटो काढा आणि एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे स्प्रिंग कुठली कुठे हे बघायला दुसरी बाजू शिल्लक राहते.

आता तीन गोष्टी तपासा. लायनर एक मिलिमीटरच्या आसपास उरला असेल किंवा रिव्हेट वर आले असतील तर दोन्ही चाकांचे लायनर एकत्र बदला. ड्रमच्या आतला व्यास मोजा. जास्तीत जास्त किती चालतो तो आकडा बहुतेक ड्रमवरच ओतलेला असतो. नवे लायनर जुन्या, खोल झिजलेल्या ड्रममध्ये बसवले तर पेडल खोलच राहतं. मग लायनरना ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरची रबरी टोपी हलकेच उचला. आत नुसती ओल चालेल; ऑइल ओघळलं तर सिलिंडर बदला आणि त्या ऑइलने भिजलेले लायनरही. भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन वापरायची पद्धत आपल्याकडे आहे. तसं करू नका. तापल्यावर मुरलेलं ऑइल पुन्हा बाहेर येतं आणि गाडी एका बाजूला ओढते.

राहिला अॅडजस्टर. चांदणीसारख्या दातेरी चाकाचा असो की दातेरी पट्टीचा, तो हाताने सहज हलला पाहिजे. कोकणातल्या गाडीत तो हलत नाही, असंच बहुधा दिसतं. काढा, तारेच्या ब्रशने आटे साफ करा, जास्त तापमानाच्या ब्रेक ग्रीसचा पातळ थर द्या. दाते झिजले असतील तर नवीन किट घ्या, फार महाग नसतं. डाव्या-उजव्या बाजूचे अॅडजस्टर वेगळे असतात. अदलाबदल झाली तर ते उलटे चालतात. बॅकप्लेटवर लायनर जिथे घासतात त्या उंचवट्यांवरही किंचित ग्रीस द्या. लायनरच्या तोंडाला ग्रीसचं बोट लागता कामा नये.

जोडण्याआधी हँडब्रेकची केबल सैल करा. हँडब्रेक ढिला झाला की केबल आवळून द्यायची ही गॅरेजांची जुनी सवय. आवळलेली केबल लायनरना विश्रांतीच्या जागी येऊ देत नाही आणि मग अॅडजस्टरचं स्वतःहून पुढे सरकणं बंद पडतं. हँडब्रेक छान, पेडल खोल, अशी गाडी दिसली की मी आधी केबल बघतो. म्हणून क्रम असा: केबल सैल, मग अॅडजस्टरने लायनर इतके पसरवा की ड्रम हलकासा घासत बसेल, दोन्ही ड्रम चढवा, मग पेडल दहा-बारा वेळा दाबा, आणि शेवटी केबल. हँडब्रेक चार ते सात-आठ टिकटिकींत धरला पाहिजे; नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. एक जरी ड्रम काढलेला असला तरी पेडलला पाय लावू नका, व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर उडतील. घरातल्या पोरांना गाडीत बसू देऊ नका, ते याच कारणासाठी.

हवा काढणं

ड्रम नीट होऊनही पेडल मऊ असेल, किंवा सिलिंडर-होज बदलला असेल, तर हवा काढावी लागते. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचंच घ्या, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. हे दोन्ही हवेतली ओल शोषतात. ताजं डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ निदान २३० पर्यंत. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की ही हमी अनुक्रमे १४० आणि १५५ वर येते. घाटात हाच फरक पायाला कळतो. म्हणून सीलबंद छोटी बाटली घ्या, आणि वर्षभरापूर्वी फोडलेली माळ्यावरची बाटली विसरून जा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही. इंजिन किंवा स्टिअरिंगचं ऑइल चुकून पडलं तर सगळी रबरं फुगतात आणि अख्खी सिस्टीम खोलायची वेळ येते.

चाकाजवळची हवा काढायची छोटी तोटी म्हणजे निपल; गंजलेल्या निपलांवर आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. उघड्या तोंडाचा पाना नको, सहा कोनांचा बॉक्स किंवा रिंग पाना घ्या. निपल तुटलं तर कॅलिपरच बदलावा लागू शकतो, म्हणून हटून बसलं तर जोर करू नका.

उजव्या हाताच्या गाडीत मास्टर सिलिंडर उजवीकडे असतो. त्यामुळे सर्वसाधारण क्रम मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर तो खरा. निपलला पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरचा एरवी न वापरला जाणारा खालचा भाग गंजलेला असतो. रबरं तिथून घासत गेली की फाटतात. ‘हवा काढायला दिली आणि मास्टर सिलिंडरच गेला’ ही तक्रार बऱ्याचदा अशी जन्माला येते.

पुतण्याला किंवा वहिनींना सीटवर बसवा. ‘दाब’ म्हटलं की त्यांनी हळू दाबायचं आणि ‘धरलंय’ असं सांगायचं. ते ऐकल्यावर तुम्ही निपल पाव आटा उघडायचं. पेडल खाली जाईल, तसंच धरून ठेवायला सांगा. निपल बंद केल्यावरच ‘सोड’ म्हणायचं. हा क्रम उलटला की काढलेली हवा परत आत. बुडबुडे थांबेपर्यंत आणि स्वच्छ ऑइल येईपर्यंत करा, आणि दर चार-पाच दाबांनंतर टाकीतली पातळी बघा. टाकी रिकामी झाली तर पहिल्यापासून सुरुवात. निपल फार आवळू नका, आणि रबरी टोपी जरूर घाला. खाऱ्या हवेत टोपीविना निपल पुढच्या वेळी सुटणार नाही. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाणी ओता.

एवढं करूनही मऊपणा जात नसेल तर बदललेले कॅलिपर डावे-उजवे उलटे लागले नाहीत ना, हे बघा. निपल नेहमी वरच्या बाजूला हवं. एबीएसच्या (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा अडकली असेल तर ती काढायला बहुतेक गाड्यांत स्कॅनर लागतो, घरी होत नाही.

मास्टर सिलिंडरची पाळी

बाहेर गळती नाही, ड्रम नीट, हवा नाही, तरी हलक्या पायाखाली पेडल सरकतंय. आता मास्टर सिलिंडरवर बोट ठेवायला हरकत नाही. पक्की खात्री हवी असेल तर चारही रबरी होज होज-क्लँपने बंद करून पेडल दाबायचं. तरीही सरकलं तर दोष वरच्या बाजूला, म्हणजे बहुधा मास्टर सिलिंडरमध्ये. क्लँप गुळगुळीत जबड्याचा हवा. साध्या पकडीने होज आतून फाटतो.

रबर किट टाकायचं की पूर्ण सिलिंडर, यावर गॅरेजात वाद चालतात. आतली भिंत काचेसारखी गुळगुळीत असेल तर किट चालतं. गंजाचे खड्डे नखाला लागले तर किट वाया. समुद्राजवळच्या, कधीच ऑइल न बदललेल्या गाडीत मी सरळ पूर्ण सिलिंडरच घेतो. बसवण्याआधी तो व्हाइसमध्ये धरून त्यातली हवा काढून घ्यावी लागते. पाइपांचे नट पाइप-पान्यानेच सोडवा, आणि बूस्टरच्या दांड्याचं अंतर पुस्तकाप्रमाणे जुळवा. हे अनुभवी हाताचं काम आहे. तुम्ही शेजारी उभे राहा, ते पुरे.

पुन्हा रस्त्यावर

इंजिन चालू करून पेडल दाबा, टणक आणि वर हवं. मग अंगणातच ताशी पाच-दहाच्या वेगाने दोनतीनदा थांबवा, नंतर रिकाम्या वाडीच्या रस्त्यावर. गाडी एका बाजूला ओढते का, ड्रम तापलाय का ते बघा. दुसऱ्या दिवशी ऑइलची पातळी आणि सगळे सांधे पुन्हा तपासल्याशिवाय घाटात नेऊ नका.

घाटात उतरताना पेडल मऊ पडलंच तर इंजिन बंद करू नका. भराभर पंप मारा, एकेक गिअर खाली घ्या, हँडब्रेक बटण दाबून धरूनच थोडा थोडा ओढा. गाडी थांबली की अर्धा-पाऊण तास चाकं थंड होऊ द्या. त्यानंतर पेडल टणक लागलं तरी पहिलं काम ऑइल बदलण्याचं.

ज्यांची गाडी गावी उभी असते त्यांनी पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवू नये, लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकांना अटकाव लावा, आणि आठवड्याला एकदा कोणाला तरी चार-पाच किलोमीटर फिरवून ब्रेक मारायला सांगा. पुळणीवर गाडी नेण्याची हौस असणाऱ्यांनी त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने चाकांची आतली बाजू धुवावी आणि ब्रेक मारत मारत सुकवावी. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, शक्यतो एप्रिल-मेमध्ये, पाऊस लागण्याआधी. बाटलीचं सील तुमच्या समोर फोडायला सांगा.